दहा हजार फेऱ्या

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. आयटीआय करून फिटर झालो आणि एका कारखान्याच्या देखभाल विभागात एकतीस वर्षे काढली. वाचनाची सवय लागली ती रात्रपाळीत, आणि इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात यंत्राचे चित्र दिसले की मजकुराआधी माझी नजर तिकडे जाते. हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की इंग्लंडातल्या व्हिक्टोरियाकालीन तुरुंगांकडे मी वळलो तो एका यंत्रामुळेच.

हेन्री मेह्यू आणि जॉन बिनी यांनी लंडनच्या तुरुंगांवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ 1862 साली निघाला. त्यात सरे परगण्याच्या तुरुंगातल्या एका कोठडीचे चित्र आहे. एक कैदी एका पेटीसमोर उभा राहून दांडा फिरवतो आहे. मी सवयीने त्या दांड्याचा आस कुठे जातो ते शोधू लागलो. पट्टा दिसेना, दाते दिसेनात, भिंतीपलीकडे काही जात असल्याची खूण दिसेना. मजकूर वाचल्यावर कळले की तो कुठेच जात नाही. आत वाळू असते, आसाला पळ्या लावलेल्या असतात, त्या वाळू उचलतात आणि पुन्हा तिथेच टाकतात. बाहेर एक तबकडी असते, तिच्यावर फेऱ्या मोजल्या जातात. याला म्हणायचे क्रँक. दळण नाही, पाणी नाही, तेल नाही. श्रम मोजणारे आणि काहीच न करणारे यंत्र मी आयुष्यात पाहिले नव्हते. ज्याने ते बनवले तोही माझ्यासारखाच कुणी कारागीर असणार, या विचाराने त्या रात्री जरा अस्वस्थच झालो.

क्रँकचा मागोवा घेता घेता मी बर्मिंगहॅमला पोहोचलो, आणि तिथे मला एडवर्ड अँड्र्यूज भेटला.

हा पंधरा वर्षांचा मुलगा. चार पौंड गोमांस चोरले, म्हणजे आपल्या हिशेबाने अठराशे ग्रॅम. 28 मार्च 1853 रोजी तीन महिन्यांची शिक्षा घेऊन तो बर्मिंगहॅमच्या नव्या तुरुंगात आला. त्याला क्रँकवर लावले. रोजच्या फेऱ्या दहा हजार. सकाळच्या न्याहारीआधी दोन हजार, दुपारच्या जेवणाआधी चार हजार, रात्रीच्या जेवणाआधी चार हजार. फेऱ्या भरल्या नाहीत की जेवण बंद. मग पाव आणि पाणी, आणि उरलेल्या फेऱ्या रात्री उशिरापर्यंत.

दिवसाचे दहा तास धरले तर मिनिटाला साधारण सतरा फेऱ्या होतात. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. गावाकडे चुलतभावाच्या गोठ्यात हाताने फिरवायचे कडबाकुट्टीचे जुने यंत्र आहे. गेल्या मे महिन्यात त्याला कडबा सारायला बसवले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटाला सतरा असा वेग धरला आणि मोजू लागलो. पाव तास कसाबसा टिकलो. अडीचशेच्या आसपास फेऱ्या झाल्या, खांदे पेटले, आणि भाऊ म्हणाला, "दादा, बास करा, या वयात काय हे." दहा हजारांतला तो जेमतेम चाळिसावा हिस्सा. माझ्यासमोर निदान कुट्टीचा ढीग दिसत होता.

आता प्रश्न असा, की असले यंत्र कोठडीत कुणी आणि का आणले? एखाद्या दुष्ट माणसाने, असे उत्तर मला हवे होते. ते मिळाले नाही. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली ते त्या काळचे सुधारक होते. जुने इंग्रजी तुरुंग म्हणजे एका खोलीत लहान-मोठे, चोर-कर्जबाजारी, सगळे कोंबलेले. तुरुंगताप, दारू, जुगार, आणि कोवळ्या पोराने महिन्याभरात पक्का खिसेकापू होऊन बाहेर पडायचे. कर्ज फेडले नाही म्हणून चार्ल्स डिकन्सचे वडील 1824 मध्ये मार्शलसीच्या तुरुंगात गेले तेव्हा बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात काम करत होता. ही घाण धुऊन काढायची तर कैद्याला कैद्यापासून तोडले पाहिजे, असे सुधारकांना वाटले. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या तुरुंगात 1829 पासून तसा प्रयोग चालू होता. विल्यम क्रॉफर्ड तो पाहून आला, आणि व्हिटवर्थ रसेल या पाद्र्याच्या जोडीने त्याने या एकांत पद्धतीचा धडाक्याने पुरस्कार केला. एकटा बसला की माणूस स्वतःशी बोलेल, देवाशी बोलेल आणि पश्चात्ताप करेल, ही श्रद्धा.

त्यातून 1842 साली लंडनच्या उत्तरेला पेंटनव्हिल उभा राहिला. मधोमध एक चौक, त्यातून हाताच्या बोटांसारख्या फुटलेल्या इमारती, 520 कोठड्या. प्रत्येक कोठडी तेरा फूट लांब, सात फूट रुंद, नऊ फूट उंच. स्वच्छ, हवेशीर, लंडनच्या कित्येक मजुरांना अशी खोली मिळत नव्हती. पण कोठडीबाहेर पाऊल टाकताना कैद्याने टोपीची झडप तोंडावर ओढून घ्यायची, म्हणजे शेजारच्याने चेहरा ओळखू नये. प्रार्थनाघरात प्रत्येकाला उभे कप्पे, त्यातून फक्त पाद्री दिसे. सुरुवातीला ही मुदत अठरा महिने होती. माणसांची डोकी फिरू लागली तशी ती बारावर आणि 1853 मध्ये नऊवर आली. खुद्द क्रॉफर्ड 1847 मध्ये पेंटनव्हिलच्या बैठकीच्या खोलीत कोसळून मेला, आणि त्याच वर्षी रसेलने दुसऱ्या एका तुरुंगात स्वतःवर गोळी झाडून घेतली. यावरून कुणी काही सिद्ध करू नये. मी फक्त नोंदवतो.

क्रँकचे मूळ या एकांतात आहे. त्याआधी सक्तमजुरीसाठी ट्रेडव्हील होते. विल्यम क्युबिट या इंजिनिअरने 1818 च्या सुमारास काढलेला तो मोठा पायऱ्यांचा रहाट. कैदी त्यावर ओळीने उभे राहून चढत राहायचे आणि पायाखालची पायरी खाली जात राहायची. पण ओळीने उभे राहिले की कुजबुज आली. एकांतही हवा आणि सक्तमजुरीही हवी, तर श्रम कोठडीत न्यायला हवेत. क्रँक ही त्या अडचणीवरची तोड होती. निव्वळ कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर तोड चोख आहे, हे फिटर म्हणून मला कबूल करावे लागते.

बर्मिंगहॅम हे बटणांचे, टाकांच्या निबांचे, बंदुकांचे गाव. घरोघर लहान कारखाने आणि त्यांत राबणारी मुले. गावाला स्वतःचा तुरुंग 1849 मध्ये मिळाला, तोही पेंटनव्हिलच्याच धर्तीवर. त्याचा पहिला गव्हर्नर नेमला गेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकोनोची. या माणसाबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून थोडे थांबतो.

मॅकोनोची एडिंबरोचा. आरमारात असताना 1811 मध्ये फ्रेंचांच्या हाती सापडला आणि दोन वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होता. तुरुंग चालवणाऱ्यांत स्वतः कैद भोगलेला असा माणूस विरळाच. पुढे तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचा पहिला प्राध्यापक झाला आणि 1840 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील नॉरफॉक बेटावर अधिकारी म्हणून गेला. ते बेट म्हणजे हद्दपारीतही पुन्हा गुन्हे केलेल्यांची जागा, चाबकासाठी कुप्रसिद्ध. मॅकोनोचीने राणीच्या वाढदिवसाची मेजवानी कैद्यांना दिली. फाटक उघडून त्यांना बेटावर दिवसभर मोकळे फिरू दिले, लिंबूपाण्यात थोडी रम घालून राणीच्या नावाने प्यायला दिले, संध्याकाळी नाटक करू दिले. रात्री कर्णा वाजला तसे सगळे मुकाट्याने आत आले. वरिष्ठांचा मात्र भडका उडाला. त्याचा सिद्धांत असा होता की शिक्षा दिवसांत मोजू नये, कामात मोजावी. कैद्याने कष्टाने आणि वागणुकीने गुण कमवावेत आणि त्या गुणांनी आपली सुटका विकत घ्यावी. 1844 मध्ये त्याला परत बोलावले गेले.

बर्मिंगहॅमचा रेकॉर्डर, म्हणजे शहराचा न्यायाधीश, मॅथ्यू डॅव्हनपोर्ट हिल हा त्याचा पाठीराखा होता. पण कायद्याने गुणपद्धतीला पुरेशी मोकळीक नव्हती आणि गावच्या मॅजिस्ट्रेटांना तो फार मऊ वाटला. त्याचा दुय्यम होता लेफ्टनंट विल्यम ऑस्टिन, कडक शिस्तीचा. 1851 मध्ये मॅकोनोचीला घरी पाठवून त्याची खुर्ची ऑस्टिनला दिली गेली. मॅकोनोचीला संत करण्याचा मोह मलाही झाला होता. पण नंतरच्या चौकशीत त्याच्याही कारकिर्दीत बेकायदा शिक्षा झाल्याचे निघाले, हे लपवून चालणार नाही. चांगल्या माणसाच्या हातूनही ती वास्तू काय करवून घेत होती, ते त्यावरून कळते.

ऑस्टिनच्या हाती कोठड्या त्याच होत्या, क्रँकही होते. फेऱ्या न भरणाऱ्यांसाठी त्याने वेड्यांच्या इस्पितळातले जाकीट वापरायला काढले. हात छातीवर आवळून बांधायचे, गळ्याभोवती कातड्याचा ताठ पट्टा, आणि कैद्याला तासन् तास भिंतीला जखडून उभा करायचा. भोवळ आली की अंगावर थंड पाण्याची बादली. कोणत्याही कायद्यात याला आधार नव्हता.

अँड्र्यूजला हे सगळे मिळाले. क्रँकच्या फेऱ्या भरल्या नाहीत, म्हणून पाव-पाणी. पाव-पाण्यावर अंगात ताकद राहिली नाही, म्हणून फेऱ्या आणखी कमी. त्या कमी भरल्या म्हणून जाकीट. मशीनमध्ये अशी परिस्थिती आली तर आम्ही आधी मेन स्विच बंद करतो. 27 एप्रिल 1853 च्या रात्री झोपायच्या टांगत्या झोळीचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून त्याने गळफास घेतला. शिक्षेचा एक महिनाही पुरता झाला नव्हता.

तुरुंगाच्या पाद्र्याने नंतर सांगितले की मुलगा शांत, गरीब स्वभावाचा, ऐकणारा होता. गव्हर्नरने सांगितले की तो घुम्या आणि हट्टी होता. एकाच मुलाची ही दोन वर्णने मी माझ्या वहीत समोरासमोर लिहून ठेवली आहेत. मुलाचे स्वतःचे एकही वाक्य मला सापडलेले नाही.

गावात बोभाटा झाला. जोसेफ ऑल्डे नावाच्या स्थानिक पुढाऱ्याने हे प्रकरण उचलून धरले आणि पुस्तिका छापली. हाच गृहस्थ नगरपालिकेच्या खर्चाला, मग तो गटारांचा का असेना, हटकून विरोध करणारा होता. माणसे अशी एका खान्यात बसत नाहीत. सरकारला शाही आयोग नेमावा लागला, आणि त्या आयोगाने एक गोष्ट केली जी वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. त्यांनी क्रँकचा भार तपासला. पोरांच्या क्रँकला हलका भार ठेवल्याचे कागदोपत्री होते. प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त निघाला. आयोगाचा हिशेब असा, की नेमून दिलेले काम पुरे करायला मुलाला ओढकामाच्या घोड्याच्या रोजच्या श्रमाचा एकचतुर्थांश श्रम करावा लागत होता. तुरुंगाबाहेर काम करणारा मुलगा सरासरी एकदशांश करतो. घोड्याच्या ताकदीत यंत्राची ताकद मोजण्याचा प्रघात जेम्स वॅटने पाडला, आणि त्याचा सोहोचा कारखाना याच बर्मिंगहॅमच्या वेशीवर होता. लेस्टरच्या तुरुंगातही तेव्हाच चौकशी झाली. तिथे रोजच्या फेऱ्या 14,400 होत्या.

ऑस्टिनवर खटला झाला. 1855 मध्ये त्याला शिक्षा झाली, तीन महिन्यांची कैद. चार पौंड मांसाला जेवढी, तेवढीच.

या घटनेच्या बरोबर तीन वर्षे आधी, 27 एप्रिल 1850 रोजी, डिकन्सने आपल्या साप्ताहिकात ‘लाडके कैदी’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला होता. फिलाडेल्फियाचा एकांत पाहून 1842 मध्ये ज्याने त्याला छळाहून वाईट ठरवले, तोच लेखक इथे म्हणत होता की पेंटनव्हिलचा कैदी बाहेरच्या प्रामाणिक गरिबापेक्षा चांगले जेवतो. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या शेवटाकडे आदर्श तुरुंगाची जी थट्टा आहे, पश्चात्तापाचे नाटक वठवणारा उरिया हीप, ती याच सुमाराची. तारखेच्या योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही. पण डिकन्ससारख्या माणसाचे मनही या प्रश्नावर दोन टोकांना ओढले जात होते. कामगाराच्या घरी रोज चूल पेटेलच याची खात्री नव्हती, आणि कैद्याचे ताट त्याहून भरलेले असू नये हा आग्रह समाजात खोल रुजलेला होता. बाहेरचे जिणेच एवढे कठीण, की आतले त्याहून कठीण ठेवायला डोके लढवावे लागे.

म्हणूनच अँड्र्यूजच्या मरणाने क्रँक मोडीत निघाली नाही. चार्ल्स रीडने 1856 मध्ये याच प्रकरणावर ‘सुधारायला कधीच उशीर झालेला नसतो’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. ती खूप वाचली गेली. पण टास्मानियाने कैदी घ्यायचे थांबवले होते, हद्दपारी आटत चालली होती, आणि गुन्हेगार आता आपल्यातच राहणार या भीतीने लंडन हैराण होते. 1862 मध्ये गळा आवळून लुटण्याचे काही प्रकार घडले आणि वर्तमानपत्रांनी एकच हाकाटी केली. 1865 चा तुरुंग कायदा आला आणि त्यात पहिल्या दर्जाची सक्तमजुरी म्हणून ट्रेडव्हील आणि क्रँक नावानिशी लिहिले गेले. म्हणजे जे बर्मिंगहॅमला तुरुंगाच्या हातात होते, ते आता देशाचे कलम झाले. कायद्यात वयाची अट होती: सोळा वर्षे आणि त्यावरील पुरुष. ते कलम वाचताना मी थांबलो. अँड्र्यूज पंधराचा होता.

मुलांसाठी दुसरी वाट काढली ती ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटरने. मुलांना तुरुंगात घालू नका, सुधारशाळेत घाला, हे सांगण्यासाठी तिने आणि हिलने 1851 मध्ये परिषद भरवली ती बर्मिंगहॅमलाच. त्याच गावात, ज्या वर्षी मॅकोनोची गेला त्या वर्षी. 1854 मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला. मात्र मेख अशी, की शाळेत जाण्याआधी मुलाने निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत. ही अट पूर्णपणे जायला 1899 उजाडले. हीच कार्पेंटरबाई 1866 मध्ये मुंबईत उतरली. मुलींच्या शाळांसाठी तिने इथे खटपट केली हे आपल्याला माहीत असते, पण ती गावोगावचे तुरुंगही पाहत हिंडली होती. मुंबईत मुलांसाठी डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857 पासून होती. हिंदुस्थानासाठी सुधारशाळांचा कायदा 1876 मध्ये आला.

पेंटनव्हिलची बोटेही समुद्र ओलांडून आली. अंदमानच्या सेल्युलर जेलचे काम 1896 मध्ये सुरू झाले. मधला मनोरा, त्यातून फुटलेल्या सात इमारती, प्रत्येकाला वेगळी कोठडी. ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या मराठी वाचकाला कोलूबद्दल वेगळे सांगायला नको. क्रँकबद्दल वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो कोलूच. फरक एवढाच की कोलूतून तेल तरी निघत होते.

क्रँक आणि ट्रेडव्हील इंग्लंडात 1898 च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाली. त्याच्या आदल्या वर्षी, मे 1897 मध्ये, ऑस्कर वाइल्ड रेडिंगच्या तुरुंगातून सुटला आणि काही दिवसांतच त्याने एका लंडनच्या दैनिकाला लांबलचक पत्र लिहिले. स्वतःबद्दल नव्हे, तुरुंगातल्या मुलांबद्दल. त्याच्या सुटकेच्या सुमारास रेडिंगमध्ये तीन लहान मुले आणली गेली होती. गुन्हा ससे पकडल्याचा, दंड भरायला पैसे नव्हते. त्यांचा दंड भरता यावा म्हणून वाइल्डने मार्टिन नावाच्या पहारेकऱ्याकडे चिठ्ठीने रकमेची विचारणाही केली होती. त्यांतल्या सगळ्यात लहानग्याला तुरुंगाचा पाव जाईना, तेव्हा मार्टिनने त्याला आपल्याकडची बिस्किटे दिली. पहारेकऱ्याने कैद्याला खाऊ देणे नियमाविरुद्ध होते. मार्टिनला नोकरीवरून काढून टाकण्यात आले.